कॅमेरा कुठे धरलाय ते आधी सांगा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की प्रश्नासोबत फोटो पण पाठवा आणि तो काढताना तुम्ही उभे होतात का बसला होतात तेवढं एका ओळीत कळवा. फोटो ढीगभर आले, उभे का बसलेले ते मात्र एकानेही लिहिलं नाही. तशी गरजच नव्हती म्हणा, बघितल्याबरोबर कळतं. जवळजवळ सगळे फोटो जमिनीपासून पाच फुटांवरून काढलेले, उभ्या माणसाने डोळ्यासमोर फोन धरून. देऊळ पाच फुटांवरून, बाळ पाच फुटांवरून, ताटातला बांगडा पण पाच फुटांवरून! म्हणून या वेळी 'काका कुठला कॅमेरा घेऊ' वाली पत्रं बाजूला ठेवलीत, रागावू नका, आज फक्त कॅमेरा कुठून आणि कसा धरायचा यावरचे प्रश्न घेतोय.

काका, मंगेशीच्या दीपस्तंभाचा फोटो काढला की तो मागे पडतोय असं का वाटतं? खाली हा एवढा जाड आणि वर टोक. फोन नवीन आहे, लेन्समध्ये फॉल्ट असेल का? — कॉलेज विद्यार्थी, डिचोली

लेन्स बिचारी ठीक आहे रे. आणि दीपस्तंभ मुळातच वर थोडा निमुळता असतो, त्यामुळे सगळा दोष तुझाही नाही. पण तुझ्या फोटोत बाजूच्या इमारतीचे खांबसुद्धा आत कललेत, ते काही कुणी तसे बांधले नव्हते. झालंय काय, तू स्तंभाच्या अगदी जवळ उभा राहिलास, सात मजले फ्रेममध्ये बसेनात, म्हणून फोन वर कलवलास. फोन कलला की आतला सेन्सर आणि समोरचा स्तंभ समांतर राहत नाहीत, वरचं टोक तुझ्यापासून लांब आणि तळ जवळ, आणि लांबची वस्तू लहान दिसणारच. आगगाडीचे रूळ लांब जाऊन एकत्र आल्यासारखे दिसतात ना, तेच इथे उभं झालंय. त्यात तू अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावलेली दिसतेय, तिच्यात हे दुप्पट जाणवतं कारण ती लावली की माणूस आणखी जवळ जाऊन उभा राहतो.

उपाय सोपा आहे, मागे जा. आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि फोन एकदम सरळ धर, भिंतीला टेकवल्यासारखा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा असतात त्या चालू कर आणि खांबाची कड रेषेला लावून बघ. सरळ धरलास की खाली फरशीच फरशी येईल, येऊ दे, ती नंतर क्रॉप करायची. फोनमधल्या एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ करायची पट्टी पण असते, पण ती ओढली की कडा कापल्या जातात, तेव्हा आधीच आजूबाजूला जागा सोडून काढ. दुसरा रस्ता म्हणजे समोर कुठे गच्ची नाहीतर पायऱ्या असल्या तर उंचावर जायचं, स्तंभाच्या अर्ध्या उंचीला पोचलास की कलवायची गरजच पडत नाही. पणजीच्या मोठ्या चर्चला हे करून बघ, त्या नागमोडी पायऱ्यांच्या पायथ्याशी उभं राहून वर फोन केलास तर चर्च मागे झोपतं, आणि रस्ता ओलांडून मागे गेलास की तेच ताठ उभं.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर उलट कर. स्तंभाला पाठ टेकेल इतका जवळ जा आणि फोन पूर्ण वर, आकाशाकडे. मग सगळ्या रेषा एका टोकाला धावतात, ते बघणाऱ्याला मुद्दाम केलेलं वाटतं आणि छान पण दिसतं. वाईट दिसतो तो अर्धवट कललेला फोटो, ना सरळ ना उताणा. बरं, आवारात हे सगळे प्रयोग कर पण गाभाऱ्याकडे फोन नेऊ नकोस, शिव्या तुला बसतील आणि नाव माझं घेशील.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. फोटोत तिचं डोकं मोठं आणि पाय काडीसारखे येतात, जवळून काढला तर नाकच दिसतं. प्रत्यक्षात ती अशी नाहीय हो! — एक आई, म्हापसा

ताई, नाहीय हे मला माहीत आहे. तुमची उंची समजा पाच फूट आणि तिची तीन, तुम्ही उभ्या राहून खाली बघत फोटो काढलात तर डोकं तुमच्या फोनपासून दोन-अडीच फुटांवर आणि पावलं पाच फुटांवर, म्हणजे दुप्पट लांब. मग पावलं निम्मी दिसली तर फोनचा काय दोष? गुडघ्यावर बसा. नुसतं वाकू नका, वाकलं की फोन पुन्हा कलतो. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर कॅमेरा त्या माणसाच्या बेंबीच्या उंचीला आणायचा, मग डोकं आणि पाय दोन्ही सारख्याच अंतरावर. लेकीची बेंबी कुठे येते बघा, तुम्हाला जवळजवळ जमिनीवरच बसायला लागेल.

जुने स्टुडिओवाले हे न शिकताच करायचे, कारण त्यांचा कॅमेराच तसा होता. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांच्याकडे दोन भिंगांचा कॅमेरा होता, रोलायफ्लेक्सच्या धर्तीचा (रोलायफ्लेक्स बाजारात आला १९२९ ला), तो गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून काचेत मान घालून बघायचं. त्यात चित्र डाव्याचं उजवं दिसायचं, मी सुरुवातीला नवऱ्याला सरकवायला जायचो आणि तो बरोबर उलटा फ्रेमच्या बाहेर. पण पोटाशी धरल्यामुळे उभ्या नवरा-नवरीचे फोटो आपोआप प्रमाणात यायचे, साडीच्या निऱ्या पायापर्यंत व्यवस्थित. आता सगळे डोळ्याला लावून काढतात आणि नवरी बुटकी येते.

मजा म्हणजे तो रोलायफ्लेक्स आला त्याच सुमारास रशियात रोदचेन्को नावाचा एक फोटोग्राफर याच बेंबीवर वैतागलेला होता. त्याचं म्हणणं असं की जो तो पोटाच्या उंचीवरूनच फोटो काढतो, बाकी कुठूनही काढा पण तिथून नको. तो स्वतः गच्चीवरून रस्त्याचे काढायचा, इमारतीच्या पायथ्याशी जाऊन बाल्कन्यांचे वर बघून काढायचा, आणि नंतर नुसते आकारांचे खेळ करतो म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. म्हणजे कुठलीही एकच उंची धरून बसलात की गडबड आहे, तेव्हा बेंबीची होती, आज डोळ्यांची आहे.

आता नाक. हा हिशोब एकदा समजून घ्या म्हणजे आयुष्यभर पुरेल. नाकापासून कानापर्यंत अंतर धरा १२ सेंटिमीटर. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक सव्वापट नाही, चांगलं १.४ पट मोठं उमटतं. तेच दोन मीटर मागे गेलात तर २०० आणि २१२, फरक फक्त सहा टक्के, डोळ्याला कळतसुद्धा नाही. फोनची नेहमीची लेन्स २४-२६ मिलिमीटरच्या आसपासची म्हणजे वाइड असते, चेहरा भरून हवा म्हणून आपण जवळ घुसतो आणि नाक फुगतं. तेव्हा सहा-सात फूट मागे जा आणि मग २एक्स करा. लोकांना वाटतं झूमने चेहरा सुंदर येतो, झूम काहीच करत नाही हो, जे करतात ते मागे गेलेले पाय करतात. एकाच जागेवर उभं राहून कितीही झूम केलंत तरी नाक-कानाचं प्रमाण तेच राहणार.

आणि सेल्फीत हनुवटी वरून छान दिसते पण कपाळ मोठं येतं, त्याचं कारणही हेच, हात फक्त एवढाच लांब आहे.

भावाच्या लग्नाच्या अल्बमात अर्धे फोटो तिरके आहेत. मंडप कललेला, भटजी कललेले. फोटोग्राफर म्हणतो ही स्टाइल आहे. खरं का? — साखळी

स्टाइल आहे हे खरं. सिनेमात माणूस घाबरलाय, काहीतरी बिघडलंय, असं दाखवायला कॅमेरा मुद्दाम तिरका धरतात. आता सप्तपदीत काय बिघडलं होतं ते तुमच्या भावाला विचारा. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पाच-सहा टाकतात, मूठभर नाही, तेवढंच मी यावर बोलीन. अल्बममधले निम्मे फोटो फोटोग्राफरकडून सरळ करून मागा, पैसे न देता.

चवथीला गणपती आणि वरची माटोळी (फळाफुलांनी सजवून टांगलेली चौकट) एकाच फोटोत कधी येत नाही. गणपती घेतला तर माटोळी कापली जाते, दोन्ही घेतलं तर मधला पंखा, ट्यूबलाइट आणि भिंतीवरचं कॅलेंडरच दिसतं. — शिरोडा

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण माटोळी ही गोष्टच डोक्यावर टांगायची आहे, आणि आपण फोटो काढतो समोरून. समोरून ती एक पट्टी दिसते, हिरवी-पिवळी झालर. वर्षभर रानात कुठे काय मिळतं ते लक्षात ठेवून आणलेलं असतं, सुपारीचे घड, नारळ, तवशी, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कांगलां, हरणांची फुलं, आणि फोटोत सगळं मिळून एक रंगीत दोरी!

तेव्हा खाली बसा. नुसतं खाली नाही, आरतीला पाटावर बसतो तितकं खाली आणि गणपतीच्या शक्य तितकं जवळ. तिथून वर बघितलं की माटोळी गणपतीच्या डोक्यावर छत धरल्यासारखी पसरते, प्रत्येक फळाचा तळ दिसतो, आणि तुमचं ते कॅलेंडर गणपतीच्या मागे लपतं. अँगल बदलला की बॅकग्राउंड बदलतं हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. वरून काढलंत तर मागे जमीन, समोरून काढलंत तर मागे भिंत, खालून काढलंत तर मागे छप्पर नाहीतर आकाश. घरात नको असलेलं काय कुठे आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे उंची ठरवायची.

एक युक्ती सांगतो, फोन उलटा धरा, लेन्स खाली. फोनमध्ये लेन्स वरच्या टोकाला असते त्यामुळे सरळ धरून जमिनीवर टेकवला तरी ती सहा इंच वरच राहते, उलटा केला की ती जमिनीलगत येते, आणि हा सहा इंचांचा फरक घरात फार मोठा पडतो. फोटो फोनमध्ये आपोआप सरळ होतो, काळजी नको. पंखा फ्रेममध्ये येतच असेल तर बंद करून पातं आडवं वळवून ठेवा म्हणजे लक्ष जात नाही, आणि ट्यूब बंद, खिडकी उघडी, सकाळी नऊ-दहाला. भाद्रपदात पाऊस असतो, ढगातून येणारा मऊ उजेड माटोळीला छान लागतो.

मी आमच्या घरी असाच एकदा देवाच्या खोलीत उताणा पडून फोटो काढत होतो, पूर्ण आडवा, डोक्याखाली हात. आजीला दाराशी फक्त माझे पाय दिसले. म्हणाली, "फोटो काडटा काय न्हिदता रे तूं?" (फोटो काढतोस का झोपतोस?) तिच्या मागे सगळे टाळ घेऊन उभे. तेव्हा आरतीच्या आधी उरका. तो फोटो अजून भिंतीवर आहे, आजी नाही, पण तिची पैठणीची कड फोटोच्या कोपऱ्यात आली आहे, ती मी कधी क्रॉप केली नाही.

ड्रोन घ्यावा का? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात त्याचा वरून फोटो काढायचाय, आणि दिवाडीची शेतं. — काणकोण

घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा उघडून बघा. २०२१ चे ड्रोन नियम आहेत, हिरव्या भागात जास्तीत जास्त ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, पिवळ्या आणि लाल भागात परवानगी लागते, आणि आपल्याकडे एक विमानतळ दाबोळीला, तोही नौदलाच्या तळावरचा, आणि दुसरा मोपाला, म्हणजे इवल्याशा राज्यात रंगीत वर्तुळंच वर्तुळं. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही हे बरोबर, पण म्हणून तो लाल भागात चालतो असं नाही. दिवाडीच्या बाजूलाच चोडणला पक्षी अभयारण्य आहे, तिकडे तर नेऊच नका, पक्ष्यांना तो घारीसारखा वाटतो.

वरून बघायची माणसाची हौस जुनी आहे म्हणा. १८५८ ला पॅरिसजवळ नादार नावाचा फोटोग्राफर फुग्यात बसून वर गेला, टोपलीतच काळा तंबू, तिथेच प्लेटा ओल्या करायच्या आणि तिथेच धुवायच्या, आणि फुग्यातला गॅस येऊन प्लेटा खराब करायचा. कितीतरी वेळा रिकाम्या हाताने खाली आला. तुम्हाला बटण दाबायचंय, तर निदान नकाशा तरी बघा.

पण मला विचाराल तर रापणीसाठी ड्रोन नकोच. वरून काय दिसतं? पाण्यात जाळ्याचा अर्धगोल आणि किनाऱ्यावर दोन टोकांना मुंग्यांच्या रांगा. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं, तिसऱ्या फोटोला कंटाळा येतो कारण त्यात माणूस नाही. रापण ओढणं म्हणजे दोर आहे, वाळूत रुतलेल्या टाचा आहेत, मागे झोकून दिलेली पाठ आहे. दोराच्या रेषेत वाळूवर बसा, दोर तुमच्या फोनच्या अगदी जवळून सुरू होऊन माणसांच्या हातांतून समुद्रात जाऊ दे, अल्ट्रावाइड इथे लावा, इथे ती कामाची. बसताना दोराच्या आतल्या बाजूला बसू नका, मी बसलो होतो, लाट आली आणि दोर ताणला तसा मी पण ओढला गेलो, कॅमेऱ्यात गेलेली वाळू दुरुस्तीवाल्याने चहाच्या बशीत काढून दाखवली. आणि आधी विचारा, जमलं तर दोन हात दोराला लावा. हात लावलेल्या माणसाला कुणी फोटो नको म्हणत नाही, असा माझा तरी अनुभव.

उंचावरूनच हवं असेल तर रेईश मागूशच्या किल्ल्यावर जा, खाली मांडवी, समोर पणजी. परवानगी नको, बॅटरी नको, तिकीट काढायचं की झालं.

माझी आई बाजारात मासळी विकते. पर्यटक येतात, टोपलीवर वाकून फोटो काढतात, काहीजण दाखवतात पण. आई बघते आणि म्हणते, "हांव इतली ल्हान दिसतां काय गो?" तिला वाईट वाटतं. फोटो तर रंगीत असतात, चांगले असतात, मग असं का होतं? — बेती

तुझ्या आईची नजर त्या सगळ्यांपेक्षा तयार आहे, तिला सांग.

ती खाली बसलेली, काढणारा उभा. वरून काढलेल्या फोटोत माणूस जमिनीला चिकटतो, खांदे अरुंद, कपाळ पुढे, आणि डोळे वर करून बघितल्यामुळे चेहरा काहीतरी मागतोय असा दिसतो. ती फक्त 'घेतलंस तर घे नाहीतर पुढे हो' अशा डोळ्यांनी बघत असते, फोटोत त्याची विनवणी होते. आणि तिच्या मागे काय येतं? ओली फरशी, खवले, लोकांच्या चपला. बाईला नसलेलं दैन्य कॅमेऱ्याच्या उंचीने चिकटवलं.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवून सांगत नाही, मी हेच केलंय. तिशी पण आली नव्हती तेव्हा, एका साप्ताहिकासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार काढायला गेलो, दोन रोल भरले, सगळे उभ्याने. एका मासेवालीने बर्फाचं पाणी पायावर ओतलं, चुकून नाही. म्हणाली काय ते इथे छापता येणार नाही. मग मी सुंगटांचा एक वाटा घेतला आणि पैसे देताना तिच्या बाजूला रिकाम्या क्रेटवर बसलो, कारण पँट भिजली होती आणि उभं राहायची लाज वाटत होती. आणि बसल्यावर बघतो तर बाजारच वेगळा! तिच्या मागे बायकांची अख्खी रांग, वर निळी ताडपत्री, तिच्यातून झिरपणारा निळसर उजेड सगळ्यांच्या गालावर, आणि गिऱ्हाइकं म्हणजे नुसत्या कमरेपासून खालच्या पिशव्या. ती दिवसभर हेच बघते. मालकीण ती, आणि आम्ही सगळे तिच्यासमोर येऊन उभे राहिलेले पाय. त्या उंचीवरून, तिला विचारून, एकच फोटो काढला, ती सुरी थांबवून सरळ लेन्समध्ये बघतेय. साप्ताहिकाने दोन रोलमधला तोच छापला.

आता कुणी उत्साहाने आणखी खाली जाऊन, फोन टोपलीच्या खालून वर करेल, तर तेही नको. फार खालून काढलं की माणसाची हनुवटी मोठी आणि नजर लांब कुठेतरी, निवडणुकीच्या बॅनरवर असतात ना तसे. तुझ्या आईला बॅनर करायची गरज नाही. तिच्या डोळ्यांच्या रेषेत, बस.

तू एक कर, पुढच्या वेळी तूच काढ. तिच्या बाजूच्या क्रेटवर बस, सकाळी गर्दी थोडी कमी झाली की, आणि ती तुझ्याशी बोलत असताना काढ. चांगला आला तर तिचा प्रिंट काढून तिला दे, आठ बाय दहाचा. आणि पर्यटकांना तिने क्रेट दाखवून 'बस' म्हणायला सुरुवात केली तर फोटो पण सुधारतील आणि दोन वाटे जास्त खपतील.

दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा फोटो घरासमोरच्या गल्लीत काढतो, पण तो वीस फुटांचा असूनही बाहुल्यासारखा दिसतो. — कुडचडे

बाजूला माणूस उभा कर, लहान मुलगा असेल तर उत्तमच, आणि तू रस्त्यावर बूड टेकव. मापाला कुणीतरी लागतं. पहाटे जाळतात तेव्हा मात्र लांब राहा, आत फटाके भरलेले असतात आणि अँगल बघायला कुणाला वेळ नसतो.